माती वाहते, माहिती अडते

नाशिक शहराची तहान मुख्यतः ज्या गंगापूर धरणावर भागते, त्याची मूळ साठवण 7200 दशलक्ष घनफूट होती. आज ती 5630 दशलक्ष घनफूट धरली जाते. मधल्या 1570 दशलक्ष घनफुटांची जागा गाळाने घेतली आहे. दर उन्हाळ्यात पाणीकपातीची चर्चा सुरू झाली की हा आकडा पुढे येतो आणि पाण्याचा आकडा म्हणूनच वाचला जातो. पण तो मातीचाही आकडा आहे. एवढा गाळ एक फूट जाडीने पसरला तर छत्तीस हजार एकर जमीन झाकली जाईल. ही माती त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगरउतारांवरून, नागली-वरईच्या वावरांतून, झाड-गवत गेलेल्या माळांवरून सुटून आली आहे. तिकडे पिकाखालचा थर पातळ झाला आणि इकडे धरणाचे पोट भरले. एकाच घटनेचे हे दोन तोटे दोन वेगळ्या खात्यांच्या दप्तरांत नोंदले जातात. डोंगरावरच्या शेतकऱ्याला धरणाच्या गाळाचा आकडा कोणी सांगत नाही आणि शहरातल्या नळधारकाला त्या शेतकऱ्याचा बांध का फुटला हे कळत नाही. प्रस्तुत संग्रहाचा विषय जमिनीचा ऱ्हास हा आहेच, पण त्याहून अधिक तो या न होणाऱ्या बोलण्याचा आहे.

ऱ्हास म्हटले की डोळ्यांसमोर वाळवंट येते आणि तिथेच गफलत होते. महाराष्ट्रात जमीन बहुधा वाळू होऊन मरत नाही. ती उतारावर धुपते, कालव्याखाली चोपण होते, माळावर गवत-झुडूप गमावून बोडकी होते आणि बागायतीत शेणखताविना निव्वळ आधाराची माती उरते. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहचित्रांवरून केलेल्या नकाशांनुसार 2018-19 मध्ये देशाच्या भौगोलिक क्षेत्रापैकी 29.77 टक्के, म्हणजे 9 कोटी 78 लाख हेक्टर जमीन ऱ्हासग्रस्त होती. महाराष्ट्रात हे प्रमाण पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात आहे. राजस्थानच्या नावाने आपण निर्धास्त राहावे अशी आपली स्थिती नाही. एकटा नाशिक जिल्हा घेतला तरी ऱ्हासाची बहुतेक रूपे भेटतात. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे धो धो पाऊस आणि तीव्र उतार; तिथला प्रश्न माती धरून ठेवण्याचा. सिन्नर, येवला, नांदगावकडे तुटपुंजा पाऊस आणि हलकी मुरमाड राने. तिथला प्रश्न ओल धरून ठेवण्याचा. निफाड-दिंडोरीच्या बागायतीत पाणी आहे, पैसाही आहे. तिथला प्रश्न क्षारांचा आणि खालावत चाललेल्या सेंद्रिय कर्बाचा. तीन तासांच्या प्रवासात तीन वेगळे रोग दिसतात. त्यांवर एकच परिपत्रक निघते तेव्हा ते तिन्हीकडे चुकते.

जमिनीच्या ज्ञानाचे वेगळेपण असे, की ते जागेला चिकटलेले असते. बियाण्याची पिशवी चांदवडला पाठवावी तशीच पेठलाही पाठवता येते. बांध तसा पाठवता येत नाही. बांध कोणत्या मातीवर, किती उतारावर, किती पावसात, कोणाच्या हद्दीतून गेला आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तो कोणी दुरुस्त केला, यावर तो माती धरतो की उलट फुटून घळ पाडतो हे ठरते. म्हणून जमिनीच्या बाबतीत ज्ञानाची देवाणघेवाण म्हणजे उपायांची यादी वाटणे नव्हे. उपाय जिथे लागू पडला तिथली परिस्थिती, त्याच्या अटी, त्याचा खर्च आणि त्याचे अपयश हे सगळे त्याच्यासोबत प्रवासाला निघाले पाहिजे. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत आपण उपाय पुढे पाठवत गेलो आणि अटी मागे ठेवत गेलो, असे या क्षेत्राचा इतिहास वाचताना मला वाटते. या प्रस्तावनेत तोच धागा धरला आहे.

या इतिहासाची सुरुवात सरकारी योजनेपासून करणे चुकीचे ठरेल. बागलाण, कळवण आणि धुळ्याच्या पट्ट्यात मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. बंधाऱ्याखालचे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि दरवर्षी फडाफडांत पिकाची फेरपालट. पाणी देणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा. आज आपण तिच्याकडे पाणीवाटपाची व्यवस्था म्हणून पाहतो, पण ती जमीन राखण्याचीही व्यवस्था होती. उसाखालची जमीन पुढे दुसऱ्या पिकाखाली जाई आणि कोणा एकाच्या हव्यासापायी तिच्यावर अखंड पाणी साचत नसे. ‘बेवड’ या शब्दात आधीच्या पिकाने जमिनीला काय दिले याचा अख्खा हिशेब आहे. ‘वापसा’ या शब्दात मातीतल्या पाण्याचा आणि हवेचा तोल आहे. शेतात मेंढ्या बसवण्याच्या रिवाजात शेतकरी आणि धनगर यांच्यातला करार आहे. हे ज्ञान लिहिलेले नव्हते, पण त्याला त्याच्या अटी जोडलेल्या होत्या, कारण ते जिथे घडले तिथेच वापरले जात होते. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा ही साखळी तुटताना त्यांना दिसली होती. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे मलमूत्र पावसाबरोबर खालच्या शेतांत येई, ते खत जंगल खात्याच्या बंधनांनी कसे आटले हे त्यांनी मांडले आणि सरकारने ताली-बांध घालून पाणी-माती अडवावी, तलावांतला गाळ शेतांना द्यावा, असे सुचवले. मृद्‌संधारण हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी डोंगर, शेत आणि राज्यकारभार यांचा संबंध एका मराठी पुस्तकात जोडला गेला होता. आपल्या कृषी शिक्षणात या पुस्तकाला याच कारणासाठी जागा हवी होती.

विसाव्या शतकात प्रयोगशाळा आली. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात 1933 पासून कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाबरोबर शेतातून किती पाणी आणि किती माती जाते हे प्रत्यक्ष मोजले. त्याच सुमारास, 1935 मध्ये, धुळीच्या वादळांनी होरपळलेल्या अमेरिकेने स्वतंत्र मृद्‌संधारण सेवा उभी केली आणि समपातळी बांध हे जगभर प्रगत शेतीचे चिन्ह बनले. मुंबई राज्याचा जमीन सुधारणा योजना कायदा 1942 चा. त्याखाली दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात बांधबंदिस्तीची प्रचंड कामे झाली. हलक्या आणि मध्यम जमिनीत ती उपयोगी ठरली. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडले आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीतून बांध फुटले. शिवाय समपातळीची रेषा मालकीची हद्द जुमानत नाही, त्यामुळे शेत आडवे कापले गेले की शेतकरी तो बांध नांगरून टाकी. याला अडाणीपणा म्हणणे सोपे होते आणि तसे म्हटलेही गेले. वास्तविक काळ्या जमिनीविषयी तो शेतकरी जे सांगत होता ते ऐकून घेणारी वाट कार्यालयात नव्हती.

1972 च्या दुष्काळाने दुसरे वळण दिले. रोजगार हमीच्या कामांतून नालाबांध, पाझर तलाव, चर यांचे जाळे पसरले. पण मजुरी वाटणे हा हेतू पुढे आणि जमीन मागे, अशी त्यांची रचना होती. काम संपले की मालक कोणीच नसे. याला उत्तर म्हणून पाणलोटाचा विचार रुजला: माथा ते पायथा काम करा आणि ते गावाच्या संमतीने करा. 1974 च्या सुमारास पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, माणशी, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. 1975 नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि पुढे हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी चराइतकीच महत्त्वाची ठरली. हिवरे बाजाराने तर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याची पद्धत पाडली. फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून आलेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने नगर जिल्ह्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत हेच जरा शिस्तीने केले. ही गावे पाहायला हजारो लोक आले. ते चर आणि बंधारे पाहून, त्यांची छायाचित्रे घेऊन गेले आणि आपापल्या गावी चर खोदले. नियम छायाचित्रात येत नाहीत, म्हणून ते मागेच राहिले. चराईबंदीचा भार मेंढपाळावर आणि भूमिहीनाच्या शेळीवर पडतो, त्याची भरपाई कशी करायची ही वाटाघाट तर कोणत्याच अहवालात नीट उतरली नाही. माझ्या मते या चळवळीची सर्वांत मौल्यवान शिकवण तीच वाटाघाट आहे.

कालव्याखालच्या जमिनीची कथा वेगळी आहे आणि तिच्याबद्दल बोलणे आपल्याला अवघड जाते, कारण तिथला ऱ्हास समृद्धीतून आला. नीरा डावा कालवा 1885 चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याखालची उसाची जमीन पाणथळ आणि खारी होऊ लागल्याच्या नोंदी आहेत, 1928 मध्ये इंग्लिस आणि गोखले यांनी तिच्या सुधारणेवर तांत्रिक निबंधही लिहिला. उपाय माहीत होता: निचरा. तरी सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठांवर तीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. तिथे अलीकडे शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या जात आहेत. हा उपाय एका शेतात होत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावे लागते, म्हणून शेकडो खातेदारांनी एकत्र येणे हीच त्याची पहिली अट. पाणी मोजून वापरण्याचा धडा मात्र नाशिकनेच दिला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, नव्वदच्या दशकाच्या आरंभी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्था वाटू लागल्या आणि 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यामागे असे अनुभव उभे होते. पाणी घनमापाने विकत घ्यावे लागले की ते जमिनीवर ओतून देण्याची सवय आपोआप आटोक्यात येते.

आणखी एक प्रवाह मातीकडे जिवंत वस्तू म्हणून पाहणाऱ्यांचा. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली, तिची बीजे त्यांना इथल्या शेतकऱ्यांच्या आणि चीनच्या रिवाजांत सापडली होती. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. गणिताचा हा प्राध्यापक शेतकऱ्यांना पत्रांतून, बैठकांतून स्वतःच्या रानात मोजायला शिकवत होता. शेतकरी माहितीचा ग्राहक नाही, तो तिचा निर्माता आहे, हे तत्त्व इतक्या ठामपणे आपल्याकडे दुसऱ्या कोणी क्वचितच अमलात आणले असेल. पुढे सुभाष पाळेकर यांची नैसर्गिक शेती, प्रताप चिपळूणकर यांची विना-नांगरणी, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा भात तंत्र असे अनेक मार्ग निघाले. यांच्यात वाद तीव्र आहेत आणि ते कधी कधी पंथांसारखे लढवले जातात. पण तणाची मुळे जागेवर कुजू द्यावीत हे कोकणपट्टीच्या भातात जितके सहज जमते तितके येवल्याच्या कोरडवाहूत जमेलच असे नाही, आणि शेणाचा पुरवठा जनावरांच्या संख्येवर अवलंबून असतो. पंथ अटी सांगत नाहीत, हा माझा त्यांच्यावरचा एकमेव पण गंभीर आक्षेप आहे.

अटी गळून पडल्या की काय होते याची ताजी उदाहरणे लांब शोधावी लागत नाहीत. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले. तापीचा गाळाचा थर आणि त्याखालचा बेसॉल्ट या विशिष्ट भूरचनेचा त्यामागे विचार होता. ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव मिळाल्यावर पोकलेन सगळीकडे पोचले, भूरचनेचा अभ्यास पोचला नाही. शेततळ्याचेही तसेच. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठी असलेले शेततळे प्लास्टिक अंथरून विहिरी-बोअरच्या पाण्याने भरले जाऊ लागले, म्हणजे जमिनीच्या पोटातले सामाईक पाणी उपसून उन्हात उघडे ठेवले गेले. दोन्ही उपायांत खोट नव्हती. खोट त्यांच्या प्रवासात होती.

यावर पहिला आक्षेप येतो, तो असा: ज्ञान कमी नाही, पैसा आणि बाजारभाव कमी आहे, कर्जात बुडालेला माणूस बांध कशाला घालेल? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. बांधाचे फळ पाच वर्षांनी मिळते आणि सोसायटीचा हप्ता मार्चमध्ये भरावा लागतो. पण नाशिकच्याच द्राक्षांनी दाखवलेली दुसरी बाजूही पाहावी. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे अडकली, तेव्हा बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतून, बागेतल्या बैठकांतून काही हंगामांत हजारो शेतकऱ्यांची फवारणीची पद्धत बदलली. खुंटावर कलम करण्याची पद्धतही अशीच बागेतून बागेत गेली. म्हणजे शेतकरी शिकत नाही हे खरे नाही. ज्या ज्ञानाला भाव आहे ते धावते. ज्याला भाव नाही ते अडते. मातीला बाजारात भाव नसेल तर तिच्या ज्ञानाचा खर्च समाजाने उचलला पाहिजे, कारण गंगापूरच्या गाळाची किंमत शेवटी समाजच मोजतो.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने: पूर्वजांना सगळे माहीत होते, नवे काय शिकवणार? या अभिमानाबद्दल मला आदर आहे, पण 1970-71 मध्ये राज्यातली सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. पड टाकण्याची रीत चार हेक्टरवाल्याला परवडत होती. गावरान कमी झाले, बैल गेले, शेण गेले. जुन्या ज्ञानाच्या अटीच बदलल्या, तर ते जसेच्या तसे चालणार नाही. तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: उपग्रह आणि मोबाइल सगळे सांगेल. उपग्रहाने आपल्याला ऱ्हासाचे आकारमान दाखवले हे त्याचे मोठे ऋण आहे. 2015 मध्ये सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिकाही बारा घटक मोजून देते. पण त्या बारांत मातीची खोली नाही, उतार नाही, पाणी मुरण्याचा वेग नाही. आणि हातात पडते ती बहुतेक वेळा खताच्या मात्रेची शिफारस. आकडा मिळाला तरी त्यावर बोलायला शेजारी लागतोच.

हे आजच का, याला कारण आहे. भारताने वाळवंटीकरणविरोधी आंतरराष्ट्रीय करार 1996 मध्ये स्वीकारला आणि सप्टेंबर 2019 मध्ये दिल्लीजवळ झालेल्या त्याच्या परिषदेत 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर जमीन सावरण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मुदत जवळ आली आहे आणि अशा वेळी हेक्टर भरण्याची घाई होते. तिकडे पाऊस थोड्या दिवसांत जास्त कोसळू लागला आहे, आणि उघड्या जमिनीवरची अशी एक सर वर्षभराचे काम धुऊन नेते. जगात या देवाणघेवाणीचे चांगले नमुने आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या आधाराने 1992 पासून चाललेले वोकॅट हे जाळे प्रत्येक उपायाची नोंद उतार, पाऊस, खर्च आणि देखभालीसह ठेवते. बुर्किना फासोमध्ये याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने जुन्या ‘झाई’ खड्ड्यांची पद्धत सुधारली आणि आपल्या शेतावर बाजार भरवून इतरांना बोलावले, बियाणे आणि अनुभव दोन्ही वाटले. आपल्याकडे ‘शेतकरी’ मासिक आहे, 2005 पासून ‘ॲग्रोवन’सारखे रोजचे शेतीपत्र आहे, दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ने पिढ्या घडवल्या, नाशिकलाच मुक्त विद्यापीठ आहे. भाषा आणि माध्यमे यांची आपल्याला उणीव नाही. उणीव आहे ती यशोगाथेच्या पलीकडे लिहिण्याच्या सवयीची.

शहरानेही या बोलण्यातून अंग काढून घेऊ नये. इंदिरानगरसारखी वसाहत वडाळा-पाथर्डीच्या शिवारात वाढली. पाया घ्यायचा तर काळी माती उपसून मुरमापर्यंत जावे लागते. ती माती कुठे जाते याची नोंद बिगरशेतीच्या आदेशात नसते. फरशी-काँक्रीटखाली गेलेली जमीन पाणी मुरवत नाही आणि ते पाणी नासर्डी नदीला अचानक फुगवते. उलट याच घरांतला ओला कचरा पाथर्डी शिवारातल्या महापालिकेच्या खत प्रकल्पात जातो. तो नीट वेगळा झाला तर निफाडच्या मळ्यात कमी पडणारा कर्ब काही अंशी इथूनच जाऊ शकतो. जमिनीचा ऱ्हास हा खेड्याचा विषय मानणाऱ्या वाचकासाठी म्हणून या संग्रहात शहरी जमिनीवरचे लेखन मुद्दाम घेतले आहे.

संग्रहाची मांडणी कालक्रमाने किंवा तालुक्यांनुसार केलेली नाही. शेतकरी, मेंढपाळ, अभियंते, मृदाशास्त्रज्ञ, पाणी वापर संस्थांचे कार्यकर्ते यांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवले आहेत, कुणाला तज्ज्ञ आणि कुणाला लाभार्थी न ठरवता. प्रत्येक अनुभवाबरोबर मातीचा प्रकार आणि खोली, उतार, पाऊस, जमिनीची मालकी, आलेला खर्च, तो कोणी केला आणि पाच वर्षांनंतरची स्थिती यांची नोंद दिली आहे. फसलेल्या कामांना वेगळा विभाग दिलेला नाही. ती सफल कामांच्या मध्येच आहेत, कारण बहुतेक वेळा तेच काम एका शिवारात साधले आणि पलीकडच्या शिवारात बिघडले. वाचताना दोन्ही पाने एकमेकांसमोर ठेवून पाहावीत, अशी विनंती आहे. नोंदी वाचणाऱ्याने आपल्या रानाचा उतार आणि मातीची खोली आधी मोजून घ्यावी. त्यासाठी पाण्याची पारदर्शक नळी आणि पहार पुरते. अखेरीस शब्दसूची आहे. चोपण, बरड, पोयटा, ताल, बेवड हे शब्द पेठमध्ये, सिन्नरमध्ये आणि बागलाणात एकाच अर्थाने वापरले जातीलच असे नाही, म्हणून जिथे अर्थ बदलतो तिथे गावाच्या नावासह ते सगळे अर्थ दिले आहेत.

इंदिरानगर, नाशिक